आईची खाज, पंधरा दिवसांची ट्यूब आणि सिडनीच्या ५०७ बायका

आमची आई तशी कशाचीच तक्रार करत नाही, गुडघे, थायरॉईड, मोतीबिंदू सगळं "वयाप्रमाणे चालायचंच" खात्यात जमा. त्यामुळे गेल्या दिवाळीत रात्री तीनला ती बाथरूममध्ये डेटॉलचं पाणी घेऊन बसलेली दिसली तेव्हा मी हादरलेच. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, तिथं जरा खाज सुटते." कधीपासून? "झाली असतील पाच-सहा वर्षं."

पाच-सहा वर्षं!!

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. आधी फंगल म्हणून क्रीम, मग शुगर तपासली ती नॉर्मल, मग मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब जिने चार दिवस बरं वाटायचं आणि परत तेच, मग कुणीतरी सांगितलं म्हणून कडुनिंबाचं पाणी, आणि शेवटी डेटॉल. या एवढ्या वर्षांत ती जागा एकदाही कुणी डोळ्यांनी बघितलेली नव्हती. यात नुसता डॉक्टरांचा दोष नाही म्हणा, आईच म्हणाली असणार बघायला नको, गोळी द्या. आणि सांगणार तरी काय, शब्दच नाही ना आपल्याकडे. "तिथं", "खाली", "मायांग". मला स्वतःला व्हल्वा हा शब्द तिच्या रिपोर्टवर पहिल्यांदा नीट कळला, की योनी आतली आणि बाहेरचा सगळा भाग म्हणजे व्हल्वा. वय वर्षं ३८, दोन बाळंतपणं झालेली मी. असो.

शहरातल्या एका लेडी स्किन डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दिवा धरला, दोन मिनिटं बघितलं आणि मलाही बोलावलं, आईला विचारून. कातडी पांढरी पडलेली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, खाजवून खाजवून चिरा गेलेल्या, आणि आतल्या नाजूक पाकळ्या जवळजवळ सपाट होऊन बाजूला चिकटून गेलेल्या. याचं नाव लायकेन स्क्लेरोसस. हे इन्फेक्शन नाही, अस्वच्छतेमुळे होत नाही, कुणाकडून लागत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच कातडीवर उलटते असं मानतात, म्हणून थायरॉईडवाल्या बायकांमध्ये जरा जास्त दिसतं. पाळी गेल्यावर जास्त, पण लहान मुलींनाही होतं. आणि डेटॉल त्या दिवसापासून बंद, साबणसुद्धा बंद, नुसतं पाणी आणि वर व्हॅसलीन. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, म्हणजे इतकी वर्षं जे स्वच्छतेसाठी केलं तेच आगीत तेल.

एका ठिकाणी मात्र कातडी जाड झालेली होती म्हणून त्यांनी बायोप्सी घेतली, म्हणजे तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. हा आजार अंगावर काढला तर शंभरातल्या दोन ते पाच बायकांमध्ये पुढे तिथे कॅन्सर होऊ शकतो.

रिपोर्टला नऊ दिवस लागले आणि त्या नऊ रात्री मी मोबाईलवर नको नको ते वाचलं. पूर्वी व्हल्वाचा कॅन्सर म्हटला की तो सगळा भाग कापायचा आणि दोन्ही जांघेतल्या गाठीही (लसिकाग्रंथी, कॅन्सर पसरायला लागला की आधी तिथे पोचतो) सरसकट काढायच्या, मग जखमा लवकर भरायच्या नाहीत आणि कित्येकींचे पाय जन्मभर सुजलेले. हे वाचून मी फोन उलटा ठेवला होता, मग परत उचलला. बरं झालं उचलला, नाहीतर पुढचं वाचलंच नसतं. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगनमधल्या डॉक्टरांनी बाकीच्या हॉस्पिटलांना सोबत घेऊन ४०३ बायकांवर एक अभ्यास केला, तो २००८ मध्ये आला. कॅन्सर ४ सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर तिथे निळा रंग आणि किंचित किरणोत्सर्गी द्रव टोचायचा, तो ज्या गाठीत पहिल्यांदा पोचतो तेवढीच काढून तपासायची, ती स्वच्छ निघाली तर जांघेला हात लावायचा नाही. एकाच जागी कॅन्सर असलेल्या आणि ती गाठ स्वच्छ निघालेल्या बायकांपैकी फक्त २.३ टक्के जणींना नंतर जांघेत आजार परत आला. आणि २०२२ मध्ये ऑस्ट्रियातून ११० बायकांचा अभ्यास आला, कॅन्सरच्या आधीच्या पायरीवर ऑपरेशनऐवजी इमिक्विमॉड नावाचं क्रीम लावलं तरी निकाल ऑपरेशनइतकाच. ते मात्र एचपीव्ही व्हायरसमुळे होणाऱ्या प्रकारासाठी, आईच्या आजारातून जे होतं त्याला नाही. मी हे दोन्ही प्रकार दोन दिवस उगाच एकच समजून बसले होते.

यावरून एक सांगते, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर आपल्याकडे केवढं मोठं काम झालंय, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात बार्शीच्या हॉस्पिटलने आणि टाटाने मिळून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला, जगभर गाजला तो. पण दोन बोटं बाहेरच्या या जागेबद्दल मराठीत धड एक पान सापडेना.

रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. आईने देवापुढे साखर ठेवली आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

खरी गंमत पुढे. औषध म्हणजे क्लोबेटासोलचं मलम, ०.०५ टक्के, महिनाभर रोज रात्री, मग महिनाभर एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. तीन महिन्यांत ३० ग्रॅम पुरतं. आठ दिवसांत खाज गेली आणि आई सहा वर्षांत पहिल्यांदा सलग झोपली. झालं, तिने ट्यूब बंद केली! मेडिकलवाल्याने सांगितलं स्टेरॉईड आहे, पंधरा दिवसांवर लावू नका, आणि ट्यूबमधल्या चिठ्ठीतही तसंच छापलेलं. मावशीने फोनवर दुजोरा दिला. मेडिकलवाला तसा चूक नाही, चेहऱ्यावर गोरं व्हायला पोरी हेच फासतात आणि वाट लावून घेतात. पण हा आजार वेगळा आणि जागा वेगळी.

मग मी तिला समोर बसवून सिडनीचा अभ्यास समजावला. गेल फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१५ चा. याच आजाराच्या ५०७ बायका, सगळ्यांना सरासरी पावणेपाच वर्षं बघितलं. ३५७ जणींनी सांगितल्याप्रमाणे स्टेरॉईड मलम चालू ठेवलं, खाज असो नसो. १५० जणींनी आपल्या मनाने कमीजास्त केलं. या १५० मध्ये ७ जणींना कॅन्सर किंवा त्याच्या आधीची पायरी. त्या ३५७ मध्ये? शून्य. कातडी चिकटत जाण्याचं प्रमाण नेमाने लावणाऱ्यांत ३.४ टक्के आणि या दीडशेजणींत ४०. आता कुणी नेमाने लावायचं आणि कुणी नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेला हा अभ्यास नाही, नेमाने मलम लावणाऱ्या बायका बाकीच्या बाबतीतही नेमाच्या असू शकतात, हे मला कळतं. तरी शून्य ते शून्य. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दीडशेजणींना सांगितलं नव्हतं का कुणी?" मी म्हटलं सांगितलं होतं, त्यांच्याही मावश्या असतील.

आता मंगळवार आणि शनिवार. गव्हाच्या दाण्याएवढं मलम, आरसा धरून, कारण पहिला महिना ती अंदाजाने भलतीकडेच लावत होती. कालनिर्णयवर त्या दिवसांना पेन्सिलीने टिंब करते. परवा माझ्या लेकीने विचारलं आजी ही टिंबं कसली, तर म्हणाली पाणी येतं त्या दिवसाची. पाणी आमच्याकडे रोज येतं.