एकाच पंगतीत उपास आणि चौविहार

सांगलीत एकादशीला पाहुणे बोलावले की गाडी बटाट्यावर अडते. उपासाला तो चालतो, जैन पाहुण्यांना नाही. दोघांना चालेल असं म्हणजे वरीचा भात (वाटीला तीन वाट्या पाणी) आणि दाण्याची आमटी: जिरं, हिरवी मिरची, आमसूल. आलं नको. बिनउपासाच्या भाजीत वाळलेली हळद चालते, ओली नाही; हळदीच्या गावात हे बरंच झालं म्हणायचं!

घोळ होतो तो डावामुळे. कांद्याच्या रश्शातला डाव आमटीत बुडला की ती गेली. प्रत्येक पातेल्याला वेगळा डाव ठेवा, जैन पानं सूर्यास्ताआधी वाढा; चौविहार म्हणजे सूर्यास्तानंतर अन्नपाणी बंद. आपला उपास आपण धरावा. शेजारच्या पानात रस्सा असला तर असू दे. आणि ‘एवढ्यानं काय होतंय?’ हा आग्रह कुणालाच नको.