कव्हरचं कव्हर

नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर रिकामं करायला घेतलं, तेव्हा लोखंडी कपाटाच्या डोक्यावरून एक गाठोडं खाली आलं. जवळून पाहिलं तर ती पडद्याच्या उरलेल्या कापडाची पिशवी होती. वर नाडी ओवलेली, पुढच्या बाजूला काजटाक्याने शिवलेली दोन गोल भोकं, आणि त्या भोकांतून दोन बटणं डोळे वटारून बघत होती. नाडी सोडली तर आत चामड्याचं कव्हर. त्याची टिचबटणं ओढली, दोन उघडली, तिसरं हातात आलं. आणि आत बाबांचा ट्रान्झिस्टर. मर्फी, तीन बँडचा.

म्हणजे रेडिओला कव्हर, आणि त्या कव्हरला कव्हर.

आईला विचारलं, हे वरचं कापडी कशासाठी? ती भांडी गुंडाळत होती. "चामडं खराब होत होतं ना कूलरच्या पाण्याने," ती म्हणाली. एवढंच. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

आमच्या घरात उघडी वस्तू म्हणजे फक्त माणसं होती. मिक्सरला झालर लावलेलं कव्हर, टीव्हीला शटर आणि शटरवर भरतकामाचा रुमाल, स्कूटरच्या सीटला रेक्झिन, सुटकेसला खाकी ड्रिल. त्या काळी रेडिओ ऐकायला लायसन लागायचं, दरवर्षी पोस्टात पैसे भरायचे. त्या लायसनच्या पुस्तकालासुद्धा बाबांनी प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. लायसनची भानगड केव्हाच संपली, पुस्तक त्याच गाठोड्यात निघालं, कोरं करकरीत.

तर रेडिओ. तो कव्हरमधून बाहेर काढला आणि मी थोडा वेळ बघतच राहिलो. क्रीम रंगाचं प्लास्टिक, कडेला चंदेरी पट्टी, कुठे ओरखडा नाही. एवढ्या वर्षांत त्याला कुणाचा हातच लागला नव्हता. सेल बदलायला मागची झडप, स्टेशन बघायला पुढची खिडकी, आवाजासाठी जाळीसारखी भोकं, सगळी सोय कव्हरमध्येच होती. त्यामुळे रेडिओ काही म्हातारा झाला नव्हता. म्हातारं झालं होतं ते कव्हर. पट्टा तडकलेला, कोपरे फाटलेले, खालची शिवण सुटून जबडा वासलेला, रिव्हेटांभोवती हिरवट मेणासारखा थर, आणि वरून पावसाळ्यांची पांढरी बुरशी. नागपूरचं हवामान चामड्याला सोसवत नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की त्यातला ओलावा आणि तेल दोन्ही निघून जातं, ते पापडासारखं कडक होतं. आणि जुलैत तेच चामडं ओल पिऊन बुरशी धरतं. असं किती वेळा झालं असेल, ते त्या पट्ट्यालाच ठाऊक.

वाजतो का, असं सगळे आधी विचारतात. वाजतो. सेल टाकले, कान पिळला, खरखर सुरू झाली. खरखर त्याचीही थोडी आहे, पण बरीचशी आपली आहे. घरातले एलईडी दिवे आणि चार्जर मीडियम वेव्हवर भलता गोंगाट घालतात. मेन स्विच बंद केला तेव्हा त्या गोंगाटातून कुणीतरी हिंदीत बोलताना ऐकू आलं. आतलं काम मेकॅनिकचं. माझा जीव अडकला होता तो कव्हरमध्ये.

ते घेऊन बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात गेलो. व्हरायटी चौकाच्या अलीकडे फुटपाथवर बॅगा शिवणारे एक काका बसतात. त्यांनी कव्हर हातात घेतलं, उलटंपालटं केलं, नखाने शिवण टोकरून पाहिली.

"असलं रेक्झिनचं नवीन करून देतो ना साहेब. कायले याच्यात जीव घालून राहिले?"

"हेच शिवून पाहिजे."

"हे शिवाले दिवस जाईन. पैसे नवीन कव्हरापेक्षा जास्त होईन."

"चालेल."

"चालेल म्हणता, पण मशीनवर नाही जमत हे. मशीनची सुई नवीन छिद्र पाडते. जुनं चामडं आहे, छिद्राला छिद्र लागलं का पोस्टाच्या तिकिटासारखं फाटते." मग माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "तुम्हीच करा ना. हाताला काम आहे का दुसरं?"

हा टोमणा होता की सल्ला, हे मला अजून कळलेलं नाही. पण त्यांनी तिथेच एका फाटक्या बॅगेवर दाखवलं. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुई. एक सुई इकडून, दुसरी तिकडून, त्याच एका छिद्रातून. दोन्ही हात एकदम ओढायचे. मशीनचा टाका एका ठिकाणी तुटला की पुढचे उसवत जातात. याच्यात एक तुटला तर दुसरा धरून ठेवतो. दोऱ्याला मेण चोळायचं, नाहीतर चामड्याच्या कडेने तो कातरला जातो. आणि आरी लावायची ती जुनं छिद्र मोकळं करण्यापुरती, नवीन पाडायला नाही. जाताना मेणाचा एक तुकडाही दिला, पैसे घेतले नाहीत.

मग दोन आठवडे संध्याकाळी गच्चीच्या पायरीवर बसून हेच केलं. बुरशी आधी घराबाहेर, कोरड्या ब्रशने. ओल्या फडक्याने पुसली की ती चामड्यात आणखी आत शिरते. रिव्हेटांवरचा हिरवा थर म्हणजे तांबं आणि चामड्यातल्या तेलाचं लग्न. तो बांबूच्या काडीने खरवडावा लागतो, लोखंडी टोकाने नाही. सगळ्यात वेळ खाल्ला तो स्पीकरपुढच्या भोकांनी. मी मोजली, १२१. प्रत्येकात घट्ट बसलेली धूळ, काही ठिकाणी बाबांच्या तंबाखूची पूडसुद्धा असावी. आगपेटीच्या काडीने एकेक मोकळं करताना मला बाबांचा राग आला, मग हसू आलं, मग काहीच आलं नाही. नुसतं काम चालू राहिलं.

एरंडेल तेल लावायचं ठरलं. बोटाच्या टोकाला लागेल एवढंच, आणि रात्रभर थांबायचं. पहिल्या दिवशी उत्साहात मी जास्त लावलं आणि पट्ट्याचा एक तुकडा जांभळासारखा काळा झाला. तो काळाच राहिला आहे.

खरं तर पट्टा आधीपासूनच एका जागी काळा होता. जिथे तो खांद्यावर टेकायचा, बरोबर तिथे वीतभर, घामाने मुरलेला. ट्रान्झिस्टर निघण्याआधी रेडिओ म्हणजे लाकडी फर्निचर होतं, दिवाणखान्यात एका जागी बसणारं. १९४७ साली ट्रान्झिस्टर नावाचा बारकासा सुटा भाग अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत तयार झाला, १९५४ पर्यंत त्याचा खिशातला रेडिओ बाजारात आला, आणि आपल्याकडे तर अख्ख्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणायला लागले. घराबाहेर पडायचं म्हणजे अंगात काहीतरी हवं, म्हणून हे चामड्याचे कपडे. बाबांचा ट्रान्झिस्टर बाहेर पडायचा तो मुख्यतः सिव्हिल लाइन्समधल्या व्हीसीएच्या, म्हणजे विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर. समोर मॅच चालू, आणि खांद्यावरच्या रेडिओत त्याच मॅचची कॉमेंट्री. मला लहानपणी हा वेडेपणा वाटायचा. ते म्हणायचे, "दिसते ते बरोबर दिसते का, हे कोणी सांगाले नको का?"

३१ ऑक्टोबर १९८७, शनिवार. वर्ल्ड कपची मॅच, न्यूझीलंडविरुद्ध. बाबा आणि रेडिओ मैदानावर, मी शेजारच्यांच्या टीव्हीसमोर, गर्दीत बाबा दिसतात का ते शोधत. चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर रदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्डचे दांडके उडवले. वर्ल्ड कपमधली ती पहिली हॅट्ट्रिक. नंतर गावसकरने नाबाद १०३ केले, त्याचं वनडेतलं एकुलतं एक शतक. रात्री बाबा घरी आले ते घसा बसवून. हॅट्ट्रिक कशी होती विचारलं तर म्हणाले, तिसरी विकेट दिसलीच नाही, पुढचे सगळे उभे राहिले, पण ऐकली. मग पट्टा खांद्यावरून काढून त्यांनी आधी कव्हर पुसलं, नंतर तोंड धुतलं.

एवढा जपणारा माणूस, पण कव्हरवर मात्र त्यांनी बिनधास्त लिहिलेलं आहे. मागची झडप उलटी केली आणि फडकं ओलं करून पुसायला सुरुवात केली, तर फडक्याला निळी शाई लागली. हात थांबवला. झडपेच्या आतल्या खरबरीत बाजूवर बॉलपेनने तारखांची उतरंड होती. सेल कधी बदलले त्याच्या. वरच्या तारखा माझ्या फडक्याने गेल्या. खालच्या आठ वाचता येतात. शेवटची १२-११-९४. दोन तारखांपुढे कंसात 'ऊन' लिहिलं आहे. म्हणजे सेल नवीन टाकले नाहीत, गच्चीत उन्हात तापवून पुन्हा वापरले. नागपूरच्या उन्हाने केलेलं एवढंच एक भलं मला आठवतं. पुढच्या बाजूला, डायलच्या खिडकीखाली, डाव्या टोकाजवळ चामड्यावर एक उभी रेघ आहे. ती आकाशवाणी नागपूरची, ५८५ किलोहर्ट्झ. लाइट गेले तरी टॉर्चच्या उजेडात स्टेशन सापडावं म्हणून. रेडिओवर रेघ ओढायची त्यांची छाती झाली नसती. कव्हरवर झाली.

मला वाटतं आम्ही सगळे उलटंच समजत होतो. कव्हर घालायचं ते वस्तू नवी राहावी म्हणून, आणि नवी कशासाठी, तर कधीतरी नीट वापरता यावी म्हणून. तो कधीतरीचा दिवस रेडिओच्या नशिबी आला नाही. बाबांनी जन्मभर हात लावला तो कव्हरला. त्यांचा रेडिओ म्हणजे माझ्यासमोर पडलेला हा क्रीम रंगाचा परका डबा नव्हताच.

आणि त्या परक्या डब्याचं मी काय केलं तेही सांगून टाकतो. खालच्या कोपऱ्यात चामड्याचा रंग उतरून प्लास्टिकला एक चिकट तपकिरी डाग पडला होता. साबणाचं पाणी, जुना मऊ टूथब्रश आणि धीर, यांनी तो निघाला असता. माझ्याकडे पहिल्या दोन गोष्टी होत्या. बायकोच्या कपाटातून नेलपॉलिश रिमूव्हर आणला, कापसावर घेतला आणि अंगठ्याने दाबून घासला. डाग निघाला. त्याच्याबरोबर चकाकीही निघाली, कारण रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन असलं प्लास्टिक लोण्यासारखं मऊ करतं. कापूस बाजूला सरकला होता हे माझ्या लक्षातच आलं नाही. हात उचलला तर कोपऱ्यावर माझा अंगठा उमटलेला, रेषा न् रेषा मोजून घ्याव्यात असा. खरेदीखतावर उमटावा तसा.

चाळीसहून जास्त वर्षं, दोन कव्हरं, बाबांचा धाक, आणि पाच मिनिटांत हे. बारीक वॉटर पेपरने घासून पॉलिश करता येईल असं वाचलं. टोकाला थोडं घासून पाहिलं, ते आणखी धुरकट दिसायला लागलं. मग ठेवून दिलं.

कव्हर मात्र बरं जमलं. खालची शिवण पूर्ण झाली, जुन्याच छिद्रांतून. पहिले दहाबारा टाके वाकडे आहेत, नंतरचे सरळ आहेत, त्यामुळे मी कुठून सुरुवात केली ते कुणालाही कळतं. टिचबटण बर्डीच्या काकांनीच बसवून दिलं. शिवण ओढून पाहिली आणि म्हणाले, "जमलं बाप्पा. पण घाई करता तुम्ही." रेडिओ आत सरकवला. थोडा कुरकुरला, मग बसला. अंगठ्याचा कोपरा बरोबर झाकला गेला.

आईपुढे नेऊन ठेवला. तिने आधी वास घेतला. "एरंडेल?" मग पट्ट्यावरून हात फिरवला, काळ्या जागेवर, दोन्ही काळ्या जागांवर. मग टिचबटणं एकेक करून उघडली, रेडिओ अर्धा बाहेर ओढला आणि चष्मा वर करून थेट त्या कोपऱ्याकडे बघितलं. कसं कळलं कुणास ठाऊक.

"हा कोणाचा अंगठा?"

"माझा."

ती काही बोलली नाही. रेडिओ परत आत सारला, बटणं लावली. मग उशाखालून ते पडद्याच्या कापडाचं कव्हर काढलं. धुऊन, इस्त्री करून ठेवलेलं होतं, नाडीही नवीन. भोकं बटणांवर बसवली आणि नाडीची गाठ मारता मारता म्हणाली, "कपाटावर ठेव. खाली नको, कोणी हात लावते."