दुसऱ्या खोलीचा रिसिव्हर : वॉट सगळ्यात शेवटी

दुसऱ्या खोलीत थिएटर करायचं ठरलं की पहिला विचार येतो तो आधीच्या रिसिव्हरच्या (सगळी उपकरणं जोडून स्पीकर चालवणाऱ्या यंत्राच्या) ‘झोन 2’चा, म्हणजे दुसऱ्या खोलीला आवाज द्यायच्या सोयीचा. तिथूनच वायर ओढली तर नवा रिसिव्हर घ्यायलाच नको, असं वाटतं. मीही तिथूनच सुरुवात केली आणि माहितीपुस्तिका नीट वाचल्यावर तो मार्ग सोडून दिला. झोन 2 मध्ये मिळतो तो फक्त दोन चॅनलचा आवाज. सेंटर (मधला स्पीकर) नाही, सराउंड (बाजूचे) नाही, सबवूफरची (खोल बासच्या स्पीकरची) विभागणी नाही, आवाजाची खोलीनुसार दुरुस्तीही नाही. शिवाय बऱ्याच मॉडेलांत झोन 2 चे स्पीकर चालू केले की त्यांना लागणारे दोन अँप्लिफायर मुख्य खोलीतल्या मागच्या किंवा छतावरच्या स्पीकरांकडून काढून घेतले जातात. गाणी ऐकायला हे पुरेसं आहे. चित्रपटासाठी दुसऱ्या खोलीला स्वतःचा रिसिव्हर लागतोच.

मग कॅटलॉग उघडण्याआधी मी टेप घेऊन खोली मोजली. लांबी 4.2 मीटर, रुंदी 3.6 मीटर, उंची 2.9 मीटर. बसायची जागा नेमकी कुठे येणार हे कळल्याशिवाय किती चॅनल हवेत, किती वॉट हवेत, यातलं काहीच ठरवता येत नाही.

बसायची जागा ठरवताना एक चूक होता होता राहिली. सोफा समोरच्या भिंतीपासून 3.1 मीटरवर येईल असं आखलं होतं, चालायला मागे छान जागा राहत होती म्हणून. पण 4.2 मीटर लांबीच्या खोलीत लांबीच्या दिशेची पहिली घुमणारी लहर येते साधारण 41 हर्ट्झला (ध्वनीचा वेग 343 भागिले लांबीची दुप्पट) आणि दुसरी येते 82 हर्ट्झला. ही दुसरी लहर खोलीच्या एक चतुर्थांश आणि तीन चतुर्थांश अंतरावर जवळजवळ शून्य होते. 4.2 चे तीन चतुर्थांश म्हणजे 3.15 मीटर. म्हणजे सोफा बरोबर त्या खड्ड्यात. सबवूफर आणि स्पीकर यांची वाटणी 80 हर्ट्झला करायची असते आणि नेमका तिथलाच आवाज गायब झाला असता. असा खड्डा कोणताही रिसिव्हर भरून काढू शकत नाही. 6 डेसिबल वाढवायचे म्हटले तर सबवूफरला चौपट ताकद लावावी लागते, आणि कानाशी तरीही जवळजवळ काहीच पोहोचत नाही. सोफा 35 सेंटिमीटर मागे, 3.45 मीटरवर नेला. मागच्या भिंतीपासून 75 सेंटिमीटर उरले. सोफा अगदी भिंतीला चिकटवला तर उलटा त्रास होतो, सगळ्या लहरी भिंतीपाशी फुगतात आणि बास घुमत राहतो.

या जागेवरून चॅनलही आपोआप ठरले. मागे 75 सेंटिमीटरच असतील तर 7.1 चे मागचे दोन स्पीकर डोक्याला चिकटून येतात, त्यांचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा 5.1.2 बरं : समोर तीन, बाजूला दोन, छतात दोन आणि एक सबवूफर. त्याला सात अँप्लिफायरचा रिसिव्हर पुरतो. नऊ किंवा अकरा चॅनलचं यंत्र घेतलं असतं तर त्यातले दोन ते चार अँप्लिफायर धूळ खात पडले असते. समोरचे स्पीकर एकमेकांपासून 2.4 मीटरवर, भिंतीपासून 60 सेंटिमीटर पुढे. बसणाऱ्याच्या नजरेच्या रेषेपासून ते साधारण 23 अंशांवर येतात. डॉल्बीची शिफारस 22 ते 30 अंशांची आहे, म्हणजे आपण कडेला का होईना पण आत आहोत. छतातले दोन डोक्याच्या किंचित पुढे.

आता वॉट. खोक्यावर सगळ्यात मोठा छापलेला आकडा हाच असतो आणि निवडीसाठी सगळ्यात कमी उपयोगाचाही हाच. ‘165 वॉट’ या आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत बघितलं तर 6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के विकृती, एकच चॅनल चालू, असं काहीतरी सापडतं. 10 टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेला असतो. माहितीपत्रकात दुसरी ओळ शोधायची : 8 ओहम, 20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ, 0.1 टक्क्याच्या आत विकृती, दोन चॅनल चालू. त्याच यंत्राचा आकडा तिथे 80 वॉटच्या आसपास उतरतो. दोन रिसिव्हरांची तुलना करायची तर एकाच अटींचे आकडे समोरासमोर ठेवावेत, नाहीतर ती तुलनाच नाही.

मला खरोखर किती लागतात ते मी असं काढलं. स्पीकरची संवेदनशीलता 87 डेसिबल, म्हणजे 8 ओहमच्या स्पीकरला 1 वॉट दिला की 1 मीटरवर 87 डेसिबल. स्पीकर ते कान अंतर 3.1 मीटर, त्यात जास्तीत जास्त 10 डेसिबल घटतात (खोलीत भिंती परतावा देतात म्हणून प्रत्यक्षात कमीच). आवाजाचं बटण शून्यावर असताना (रिसिव्हरवर शून्य म्हणजे चित्रपटगृहाइतका आवाज, त्याखालचे आकडे उणे) एका चॅनलचं शिखर 105 डेसिबल गाठावं असा दंडक आहे. त्यासाठी अंतरातली 10 ची घट धरून 87 वर आणखी 28 डेसिबल हवेत, म्हणजे सुमारे 630 वॉट. घाबरायला होतं. पण घरातल्या खोलीत शून्यावर कुणी ऐकत नाही. उणे 10 वर हाच हिशेब 63 वॉटवर येतो आणि उणे 15 वर 20 वॉटवर. या खोलीत उणे 15 ही सुद्धा मोठ्या आवाजाची पातळी आहे. आणि 80 हर्ट्झच्या खालचं सगळं ओझं सबवूफरच्या स्वतःच्या अँप्लिफायरवर जातं, ते वेगळंच.

म्हणजे 80 प्रामाणिक वॉट पुरेसे. 110 वॉटचं वरचं मॉडेल घेतलं तर फरक पडतो दीड डेसिबलचाही नाही. दुप्पट वॉट केले तरी फक्त 3 डेसिबल मिळतात. त्याच पैशात 90 डेसिबलचा स्पीकर मिळत असेल तर ते 3 डेसिबल फुकट पदरात पडतात, रिसिव्हर गरम न होता. स्पीकर 4 ओहमचे असते तर मात्र मी वेगळा विचार केला असता. तेव्हा 4 ओहमचा भार चालतो असं माहितीपुस्तिकेत लिहिलेलं हवं. मेन्यूत किंवा मागे ओहम निवडायची सोय दिसते, ती 4 किंवा 6 वर टाकली की आतला व्होल्टेज कमी केला जातो आणि ताकद घटते. 8 ओहमचे स्पीकर असतील तर तिला हात लावू नये.

वॉट बाजूला ठेवले की खरी निवड दोन गोष्टींवर येते : जोडण्या, आणि खोलीनुसार दुरुस्ती.

जोडण्यांचा पहिला प्रश्न असा की चित्र कुठून कुठे जाणार. पडदा आणि प्रोजेक्टर असेल तर सगळी उपकरणं रिसिव्हरलाच लागतात, आणि एचडीएमआयचे निवेश (इनपुट) मोजून घ्यावे लागतात. या खोलीत टीव्ही आहे, त्यामुळे ई-आर्क महत्त्वाचं ठरलं. आर्क म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआयच्या त्याच वायरीतून रिसिव्हरकडे परत आणायची सोय, ई-आर्क तिची सुधारित आवृत्ती. आर्क 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 बरोबर आलं, ई-आर्क 2017 मध्ये 2.1 बरोबर. साध्या आर्कवरून स्ट्रीमिंगचं डॉल्बी ॲटमॉस (छतातल्या स्पीकरांसकटचा आवाज) जातं, कारण ते डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबून भरलेलं असतं. ब्लू-रेवरचं ट्रू-एचडी (डॉल्बीचा न घटवलेला आवाज) मात्र ई-आर्कशिवाय टीव्हीकडून रिसिव्हरकडे जात नाही. त्यातही एक मेख आहे : काही टीव्ही डीटीएस (डिस्कवरचा आवाजाचा दुसरा प्रकार) पुढे पाठवतच नाहीत. म्हणून डिस्क प्लेअर थेट रिसिव्हरला आणि टीव्हीतली ॲप्स ई-आर्कवरून, अशी वाटणी केली.

जुना रिसिव्हर या खोलीत हलवायचा पर्यायही मी शेवटपर्यंत खुला ठेवला होता. ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी आधी एचडीसीपी 2.2 (नक्कल रोखणारं कुलूप) आहे का ते बघावं. नसेल तर असं कुलूप असलेलं 4के चित्र त्याच्यातून पुढे जात नाही, पडदा काळाही राहू शकतो. तरी तो टाकाऊ नाही. उपकरणं टीव्हीला जोडायची आणि आवाज तेवढा आर्कवरून परत आणायचा, किंवा दोन एचडीएमआय बाहेर देणारा प्लेअर वापरायचा. फक्त ऑप्टिकल असेल तर 5.1 वर समाधान मानावं लागतं, ॲटमॉस त्या वायरमधून येत नाही.

गेमिंग कन्सोल असेल तर 4के 120 (सेकंदाला 120 चित्रं) चालणारे निवेश किती आहेत हे वेगळं विचारायचं. ‘एचडीएमआय 2.1’ एवढ्या शब्दांवर विसंबू नये, सेकंदाला 24 की 40 गिगाबिट ते बघावं. 2020 मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या काही 8के रिसिव्हरांत कन्सोलचं 4के 120 एचडीआर चित्र दिलं की पडदा काळा व्हायचा, चिपमधलाच दोष होता. त्या काळातला वापरलेला रिसिव्हर घेणार असाल तर ही तपासणी समोर उभं राहून करा. माझ्या यादीतला एक वापरलेला रिसिव्हर मी याच कारणाने सोडला.

खोलीनुसार आवाजाच्या दुरुस्तीत, म्हणजे माइकने मोजून रिसिव्हर आवाज सुधारतो त्या सोयीत, मी कंजुषी केली नाही. छोट्या खोलीत बास सगळ्यात जास्त बिघडतो, आणि त्यासाठी ऑडिसी या दुरुस्ती-प्रणालीच्या साध्या मल्टईक्यूपेक्षा तिचीच एक्सटी32 किंवा दुसऱ्या कंपनीची डिरॅक लाइव्ह कितीतरी बारकाईने काम करतात. डिरॅकचा परवाना काही मॉडेलांत वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि कधी तो फक्त 500 हर्ट्झपर्यंतचाच असतो. छोट्या खोलीला तेवढाही पुष्कळ. दोन सबवूफरचे दोन आउटपुट दिसले तर ते स्वतंत्रपणे मोजले जातात की आतून एकच सिग्नल दोन ठिकाणी काढलेला असतो, हे विचारून घ्यावं. पुढे दुसरा सबवूफर आला की हा फरक लगेच जाणवतो. प्री-आउटही बघितले. वॉट कमी पडलेच तर बाहेरून अँप्लिफायर जोडायची वाट उघडी राहते.

मग कपाट. रिसिव्हर 39 सेंटिमीटर खोल होता, कप्पा 42. बसेल असं वाटतं, पण एचडीएमआयच्या वायरीला वळायला मागे आणखी 6 ते 8 सेंटिमीटर लागतात. अँटेना उभ्या केल्या की 17 सेंटिमीटरची उंची 24 च्या जवळ जाते. कप्प्याची मागची फळी कापून काढली आणि वर मोकळी जागा ठेवली. वर दुसरं यंत्र ठेवायचं नाही, सेट-टॉप बॉक्सही नाही.

वायर घेताना तांब्यावर तडजोड नको. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर हातात हलकी लागते आणि तिचा रोध दीडपट असतो. 10 मीटर अंतरासाठी 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध 0.23 ओहम होतो. 8 ओहमच्या स्पीकरला 0.4 पर्यंत चालतो, 4 ओहमला 0.2. म्हणून माझ्या सराउंडला 1.5 पुरली, 4 ओहमवाल्यांनी 2.5 घ्यावी. टोकं सोलताना एक बारीक तारही शेजारच्या खुंटीला लागली तर रिसिव्हर संरक्षणात जाऊन बंद पडतो. बनाना प्लग लावले की ही भीती जाते.

मग रिसिव्हरच्या माइकने खोलीच्या आवाजाची मोजणी. त्या दिवशी पंखा आणि एसी बंद. माइक तिपाईवर, कानाच्या उंचीला. सोफ्याच्या पाठीवर ठेवला तर कापडाचा परतावा मोजला जातो. पहिली जागा मधोमध, बाकीच्या सात तिच्याभोवती 30 ते 60 सेंटिमीटरच्या आत. सबवूफरवरचं कटऑफचं बटण पूर्ण वर किंवा ‘एलएफई’वर, फेज शून्यावर. मोजणीनंतर सबवूफरची पातळी उणे 12 दिसली तर ती मर्यादेला टेकलेली असते, त्याचा आवाज मागून कमी करून पुन्हा मोजायचं. माझी पहिली मोजणी याच कारणाने वाया गेली.

निकालात सबवूफरचं अंतर 5.2 मीटर आलं, टेपवर ते 3.4 होतं. ते दुरुस्त करायचं नाही. सबवूफरच्या आतल्या सर्किटमुळे आवाजाला जो उशीर होतो तो त्या जास्तीच्या अंतरात धरलेला असतो. समोरचे स्पीकर ‘लार्ज’ (सगळा बास स्वतः वाजवणारे) ठरवले गेले होते, ते ‘स्मॉल’ करून सबवूफरशी वाटणीची सीमा 80 हर्ट्झ लावली. ही सीमा वर न्यायला हरकत नाही. रिसिव्हरने मोजलेल्या आकड्याच्या खाली मात्र नेऊ नये, तिथे दुरुस्ती झालेलीच नसते. ऑडिसीत डायनॅमिक ईक्यू (आवाज कमी असताना बास आणि सराउंड वाढवणारी सोय) चित्रपटांसाठी चालू ठेवलं. गाण्यांना बास आणि सराउंड जरा जास्त वाटले, म्हणून त्यांच्यासाठी ही वाढ कमी करणारं ‘रेफरन्स लेव्हल ऑफसेट’ 10 वर नेलं.

घरात आता दोन रिसिव्हर आहेत, त्यामुळे दोघांची नावं ॲपमध्ये वेगळी करून टाकली. नाहीतर फोनवरून पाठवलेलं गाणं भलत्याच खोलीत वाजतं. सबवूफरमधून घरघर येत होती, ती टीव्हीला येणारी अँटेनाची वायर काढल्यावर थांबली. रिसिव्हर आणि सबवूफर विजेच्या एकाच पट्टीवर घेतले आणि अँटेनाच्या वायरीला आयसोलेटर (घरघर अडवणारा जोड) लावला.

परत करायची मुदत संपायच्या आत प्रत्येक निवेश एकेक करून तपासला. टीव्हीचं ॲप, डिस्क, कन्सोल, प्रत्येकाला रिसिव्हरच्या माहितीच्या पडद्यावर आत येणारा सिग्नल कोणता दिसतो ते वाचलं. टीव्हीच्या ॲपवर सुरुवातीला ‘पीसीएम’ दिसत होतं, म्हणजे टीव्ही आवाज स्वतःच उलगडून पाठवत होता. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये पास-थ्रू (आहे तसा पुढे पाठवणं) निवडल्यावर तिथे ‘ॲटमॉस’ उमटलं. शेवटी दोन तासांचा चित्रपट उणे 15 वर चालवून कपाटातल्या रिसिव्हरच्या झाकणावर हात ठेवला. गरम होतं, पण हात टेकवून ठेवता येत होता.