क्लासिक्समध्ये पीएच.डी. करायची असेल तर आधी ओळींचा हिशेब मांडा

अमेरिकेत क्लासिक्सची, म्हणजे प्राचीन ग्रीस आणि रोमच्या अभ्यासाची, पीएच.डी. करावी असं महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात आलं की पहिला प्रश्न टक्क्यांचा आणि जीआरईचा असतो. जीआरई बऱ्याच विभागांनी आता काढून टाकली आहे आणि दोन-चार टक्क्यांवरून सहसा कुणाचं अडत नाही. अडतं ते भाषांपाशी. प्रवेशाच्या वेळीच ग्रीक आणि लॅटिन दोन्ही यायला हव्यात. नावाजलेल्या विभागांची अपेक्षा साधारण अशी असते, की एका भाषेचा निदान तीन वर्षांचा आणि दुसरीचा दोन-तीन वर्षांचा कॉलेज पातळीवरचा अभ्यास झालेला असावा. इतिहासात किंवा तत्त्वज्ञानात एम.ए. असलं म्हणून यातून सूट मिळत नाही. संस्कृतात असलं तरी नाही.

एवढा आग्रह कशासाठी, ते पुढची परीक्षा पाहिली की कळतं. विभाग वाचनयादी हातात देतो: ग्रीकमध्ये होमर, हिरोडोटस, सोफोक्लीस, प्लेटो वगैरे, लॅटिनमध्ये सिसेरो, व्हर्जिल, होरेस, लिव्ही, टॅसिटस. सगळं मुळातून वाचायचं. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सुमारास प्रत्येक भाषेची काही तासांची लेखी परीक्षा होते. यादीतले गद्य-पद्य उतारे समोर येतात आणि सहसा शब्दकोश न घेता त्यांचं भाषांतर करायचं असतं. व्हर्जिलच्या ‘एनीड’चे १२ खंड आहेत, ओळी सुमारे ९,९००. रोज ४० ओळी नीट वाचल्या तरी आठ महिने लागतात. होमरच्या ‘इलियड’च्या ओळी १५,६०० च्या पुढे, म्हणजे त्याच वेगाने वर्षाहून जास्त. बहुतेक याद्यांत या ग्रंथांचे निवडक खंडच असतात, पण बाकीचे लेखक पाठोपाठ उभेच असतात. म्हणून व्याकरण जेमतेम संपवून आलेल्या विद्यार्थ्याला घ्यायला विभाग धजावत नाहीत.

ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या लोब मालिकेची पुस्तकं डावीकडे मूळ आणि उजवीकडे इंग्रजी छापतात. सोय मोठी, पण नजर नकळत उजवीकडे घसरते आणि आपण वाचलं असं वाटत राहतं. परीक्षेत उजवं पान नसतं. तयारी नुसत्या मूळ पाठाच्या आवृत्तीवरूनच करावी. ऑक्सफर्डची मालिका त्यासाठी उत्तम, तिच्या पारंपरिक प्रस्तावनाही लॅटिनमध्येच आहेत.

‘एनीड’ची पहिलीच ओळ घ्या: आर्मा विरुम्क्वे कानो, त्रोयाय क्वी प्रीमुस आब ओरीस. ‘त्रोयाय’ हे रूप षष्ठी किंवा चतुर्थी एकवचनाचं असू शकतं. त्याचा संबंध ओळीच्या टोकाला असलेल्या ‘ओरीस’शी आहे, हे कळलं की ‘त्रॉयच्या किनाऱ्यांवरून’ असा अर्थ लागतो. संस्कृत श्लोकाचा अन्वय लावणाऱ्याला हे काम ओळखीचं आहे. छंदसुद्धा लघु-गुरूंवरच चालतो. ग्रीकमध्ये द्विवचन भेटतं, संस्कृतात भूतकाळात धातूआधी लागणारा ‘अ’ तिथे ‘ए’ होऊन येतो, आणि लिट् लकारातल्यासारखं (संस्कृतच्या परोक्ष भूतकाळातल्यासारखं) द्वित्वही दिसतं. संस्कृतवाल्यांनी हे बळ जरूर वापरावं. त्यांची फसगत विभक्तींत होते: ग्रीकमध्ये पंचमीचं काम षष्ठीकडे गेलं आहे, तृतीया-सप्तमीचं चतुर्थीकडे. संस्कृतच्या विभक्तींचा आठ खणांचा तक्ता तिथे लावू नये.

सुरुवात घरून करता येते. लॅटिनसाठी व्हीलॉकच्या पाठ्यपुस्तकाचे ४० धडे, ग्रीकसाठी हॅन्सन-क्विनच्या पाठ्यपुस्तकाचे २० पाठ. मात्र स्वतःच शिकलेल्या भाषेची गुणपत्रिका नसते आणि प्रवेश समितीला पुरावा लागतो. त्यासाठी उन्हाळी सघन वर्ग आहेत; न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीची लॅटिन-ग्रीक इन्स्टिट्यूट त्यांसाठीच ओळखली जाते. दुसरी वाट पदवीनंतरच्या भाषातयारीच्या अभ्यासक्रमाची. युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनियात असा अभ्यासक्रम आहे. पैशांचं गणित इथे नीट पाहा: मोठ्या विद्यापीठांत पीएच.डी.ला फी माफ असते आणि शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं, पण तयारीचे अभ्यासक्रम आणि बरीचशी एम.ए. स्वखर्चाने करावी लागतात. त्यामुळे जेवढी भाषा घरी राहून पक्की होईल तेवढी करावीच.

अर्जांची मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारीत संपते. अर्जासोबत वाचलेल्या मूळ ग्रंथांची यादी जोडा, विभागाने मागितली नसली तरी. लेखक, ग्रंथ, कितवा खंड, कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत. नुसतं ‘होमर वाचला’ लिहिल्याने काहीच कळत नाही. शिफारसपत्रं सहसा तीन लागतात. त्यातलं निदान एक तुमचं ग्रीक किंवा लॅटिन भाषांतर तपासलेल्या शिक्षकांचं हवं. प्राचार्यांचं गोडगोड पत्र इथे कामाला येत नाही. लेखननमुन्यात मूळ ओळींवर तुम्ही स्वतः केलेलं काम दिसलं पाहिजे.

आणि जर्मन. प्रवेशानंतर जर्मन आणि फ्रेंच किंवा इटालियन वाचता येतं हे सिद्ध करावं लागतं, कारण ग्रीक-लॅटिनवरचं फार मोठं संशोधन जर्मनमध्येच आहे. मॅक्स म्युलर भवनातल्या जर्मन वर्गांच्या पहिल्या पातळ्यांनी पाया पक्का होतो, पण परीक्षेत बोलायचं नसतं. शोधनिबंधातला उतारा ठरलेल्या वेळेत इंग्रजीत उतरवायचा असतो. लांबलचक वाक्यं, पोटवाक्याच्या शेवटी क्रियापद. मराठी माणसाला ते जड जात नाही, जड जातो शब्दसंग्रह. जर्मन पहिल्याच उन्हाळ्यात उरकावी. ती वाचनयादीच्या परीक्षेच्या वर्षात ढकलली की दोन्हीकडचा वेळ कमी पडतो.