वेझेर नदीकाठचा मुक्काम: दोर्दोन्यमधील एका गावात घर भाड्याने घेऊन राहताना

फ्रान्सच्या नैऋत्य भागात, दोर्दोन्य जिल्ह्यातून वाहणारी वेझेर नदी चुनखडीच्या उंच कड्यांमधून वळणे घेत जाते आणि अशाच एका वळणावर सँ-लेऑं-स्युर-वेझेर हे चारेकशे वस्तीचे गाव वसले आहे. गेल्या जून महिन्यात पुण्याहून आम्ही आणि इंग्लंडहून बहिणीचे कुटुंब असे सगळे मिळून या गावालगतच्या एका दगडी घरात राहिलो. बाजारहाट आणि स्वयंपाक स्वतः केला आणि भोवतालचा मुलूख सावकाश पाहिला. आई-बाबांनी यात्रा कंपनीबरोबर पॅरिस पूर्वीच पाहिले होते. या वेळी त्यांना रोज बॅगा न भरता एका जागी राहायचे होते आणि सकाळचा चहा आपल्या हाताने करून घ्यायचा होता. तीन पिढ्यांच्या शाकाहारी कुटुंबासाठी याहून चांगली सोय मला ठाऊक नाही. मात्र असे राहणे हॉटेलातल्या राहण्याहून अगदी वेगळे असते. घराचे, गावाचे आणि दुकानांचे वेळापत्रक समजून घेऊनच आपला कार्यक्रम आखावा लागतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या अशा ग्रामीण घराला तिकडे ‘जीत’ म्हणतात. १९५५ मध्ये स्थापन झालेली ‘जीत द फ्रान्स’ ही संघटना घरांची तपासणी करून त्यांना गव्हाच्या एक ते पाच लोंब्यांची श्रेणी देते. निवड करताना ही श्रेणी उपयोगी पडते. जुलै-ऑगस्टमध्ये घर बहुधा शनिवार ते शनिवार असेच मिळते आणि भाडेही तेव्हाच सर्वांत जास्त असते. शक्य असेल तर जून किंवा सप्टेंबर निवडावा. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारापर्यंत उजेड असतो, बाजारात चेरी आणि या भागातली नावाजलेली स्ट्रॉबेरी असते आणि रस्त्यांवर गर्दी कमी असते. सप्टेंबरात शिकारीचा हंगाम सुरू झाल्यावर मात्र रानातून फिरताना भडक रंगाचे कपडे घालावेत.

आरक्षण करण्यापूर्वी काही गोष्टी घरमालकांना लेखी विचाराव्यात. चादरी आणि टॉवेल भाड्यात धरलेले आहेत की वेगळे, शेवटची साफसफाई आपण करायची की पैसे भरून करून घ्यायची, पर्यटक कर किती, आणि अनामत रक्कम कशी घेतली जाते? अनेक घरमालक अनामत फ्रेंच बँकेच्या धनादेशाने मागतात. आपल्याकडे तो असणे शक्य नाही. त्यामुळे कार्डाने किंवा रोखीने चालेल का, हे आधीच ठरवून घ्यावे. काही ठिकाणी भाडेकरूच्या हातून होणाऱ्या नुकसानीच्या विम्याचा दाखलाही मागतात. स्वयंपाकघराची छायाचित्रे नीट पाहावीत, आणि घरात वयस्कर मंडळी असतील तर झोपण्याची एक खोली आणि न्हाणीघर तळमजल्यावर आहे का, हे आवर्जून विचारावे, कारण जुन्या दगडी घरांतले लाकडी जिने अरुंद आणि चढे असतात. भाडेकराराची प्रत शेंगेन व्हिसाच्या (फ्रान्ससह बऱ्याच युरोपीय देशांसाठीचा एकच व्हिसा) अर्जाला निवासाचा पुरावा म्हणून जोडता येते. तिच्यावर राहणाऱ्या सर्वांची नावे पासपोर्टप्रमाणे लिहून घ्यावीत. या व्हिसासाठी प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

पॅरिसहून बोर्दोपर्यंत अतिजलद रेल्वेने दोन तासांच्या आसपास लागतात आणि बोर्दोच्या सँ-झाँ स्थानकाजवळ मोटार भाड्याने मिळते. मोटारीशिवाय या भागात राहण्याचा विचार करू नये. आपल्या परवान्याबरोबर आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना घ्यावा. तिकडे हाताने गिअर बदलण्याच्या गाड्या जास्त असतात. स्वयंचलित हवी असेल तर बरीच आधी सांगून ठेवावी. उजव्या बाजूने गाडी चालवण्याची सवय लवकर होते. खरी काळजी घ्यायची ती उजवीकडून येणाऱ्या वाहनाच्या अग्रहक्काची. जिथे कोणताही फलक किंवा खूण नसते, तिथे उजवीकडच्या अगदी लहान गल्लीतून आलेल्या गाडीलाही आधी जाऊ द्यावे लागते. गावांमध्ये वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर असते. बाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर ती साधारणपणे ८० आणि काही जिल्ह्यांत ९० आहे, म्हणून फलक पाहत जावे. सुपरमार्केटजवळचे पेट्रोल पंप बहुधा स्वस्त असतात आणि रात्री किंवा रविवारी तिथे माणूस नसतो. पिन असलेले कार्ड लागते आणि भरलेल्या इंधनापेक्षा मोठी रक्कम काही काळ अडकवून ठेवली जाऊ शकते.

शनिवारी घराचा ताबा दुपारी चारनंतर मिळतो आणि रविवारी दुपारनंतर ग्रामीण भागातली बहुतेक दुकाने बंद असतात. म्हणून घरी पोहोचण्यापूर्वीच मोठ्या सुपरमार्केटमध्ये थांबून दूध, तांदूळ, पीठ, तेल, मीठ, भाजी, पिण्याचे पाणी हवे असल्यास तेही, आणि भांडी घासण्याचा साबण एवढे घेऊन टाकावे. जेवणाच्या वेळी, म्हणजे साडेबारा ते साधारण तीनपर्यंत, लहान गावांतली दुकाने आणि बेकऱ्या बंद होतात; शिवाय प्रत्येक बेकरीचा आठवड्याचा सुट्टीचा दिवस वेगळा असतो. उपाहारगृहांतही दुपारी बारा ते दोन आणि रात्री सात ते नऊ याच वेळांत जेवण मिळते. दुपारी तीनला भूक लागली तर घरचे खाणे हाताशी असलेले बरे. दुकानात शिरल्यावर काहीही विचारण्याआधी ‘बोंझूर’ म्हणणे हा तिथला पक्का शिष्टाचार आहे. तो पाळला की मोडक्या फ्रेंचलाही मदत मिळते, याचा अनुभव आम्हाला रोज आला.

मुक्कामाचा गाभा म्हणजे बाजार. दहाएक किलोमीटरवरच्या मोंतिन्याकला बुधवारी सकाळी, ल ब्युगला मंगळवारी आणि सार्ला या मध्ययुगीन नगरात बुधवारी व शनिवारी बाजार भरतो. आम्ही आठवड्याचा सगळा बेत या बाजारांभोवती बांधला. नऊच्या आत पोहोचावे; दहानंतर गाडी लावायला जागा मिळत नाही आणि साडेबाराच्या सुमाराला विक्रेते आवराआवर करू लागतात. फळांना आणि भाज्यांना आपण हात लावून निवडायचे नाही, विक्रेत्याला सांगायचे. टोमॅटो घेताना विक्रेत्या बाईंनी आईला खुणेने विचारले, आज खायचे की उद्या? त्याप्रमाणे त्यांनी वेगवेगळ्या पेटीतले वेचून दिले. पेरिगोरचे (दोर्दोन्य भागाचे जुने नाव) अक्रोड आणि अक्रोडाचे तेल आवर्जून घ्यावे. हे तेल तापवायचे नसते. काकडीच्या कोशिंबिरीवर कच्चेच घातले तर फार छान लागते.

शाकाहारी माणसांनी या प्रांतात थोडे सावध राहावे. हा बदकाचा आणि हंसाचा मुलूख आहे. मेन्यूवर निरुपद्रवी दिसणारी सार्लाची बटाट्याची भाजी बदकाच्या किंवा हंसाच्या चरबीत परतलेली असते, आणि भाज्यांच्या सुपातही मांसाचे पाणी असू शकते. बऱ्याच पारंपरिक चीजमध्ये जनावराच्या जठरातले विरजण वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी वेष्टनावर ‘प्रेझ्युर’ हा शब्द दिसला तर ते सोडून द्यावे. म्हणूनच स्वतःचे स्वयंपाकघर इथे मोलाचे ठरते.

भारतातून काय न्यावे याचे उत्तर आमच्यापुरते असे ठरले: गोडा मसाला, हिंग, हळद, मोहरी, चहा पावडर, थोडी तूरडाळ, लाटणे आणि इंडक्शनवर चालेल असा लहान कुकर. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे. त्यामुळे तूप, पेढे, बर्फी सामानात घालू नयेत, आणि ताजा कढीपत्ता किंवा मिरच्याही नेऊ नयेत. तूप तिथेच कढवता येते, कारण फ्रान्सचे बिनमिठाचे लोणी उत्तम असते आणि तासाभरात बाटलीभर रवाळ तूप तयार होते. तांबडी मसूरडाळ ‘कोराय’ नावाने कुठल्याही सुपरमार्केटात मिळते. सेंद्रिय मालाच्या दुकानात हरभऱ्याचे पीठही मिळते. पिठल्याला ते आपल्या बेसनाइतकेच चालते.

पोळ्यांसाठी पिठाच्या पिशवीवरचा आकडा वाचायला शिकावे. तिकडे पिठाला टी ४५, टी ५५, टी ६५ असे क्रमांक असतात. क्रमांक जितका लहान तितके पीठ पांढरे आणि कोंडाविरहित, म्हणजे मैद्याच्या जवळचे, तर टी १५० हे संपूर्ण कोंड्यासह असते. आईने पहिल्या दिवशी टी १५० ची कणीक भिजवली. पोळी चवीला चांगली, पण काठाला चिरत होती. मग तिने निम्मे टी ११० आणि निम्मे टी ५५ घेतले, कणीक चांगली तासभर झाकून ठेवली, आणि पोळी घरच्यासारखी मऊ सुटली. तवा नेण्याची गरज पडली नाही, कारण आमच्या घरात क्रेप (पातळ फ्रेंच धिरडी) करण्याचे सपाट, जड तव्यासारखे भांडे होते आणि फ्रेंच स्वयंपाकघरात ते नेहमी सापडते. दह्याची उणीव ‘फ्रोमाज ब्लाँ’ नावाच्या घट्ट, किंचित आंबट पदार्थाने भरून निघते. स्वच्छ पंचात बांधून रात्रभर टांगून ठेवला की त्याचा सुरेख चक्का होतो. त्यात साखर आणि वेलची घोटून केलेले श्रीखंड घरमालकीणबाईंना वाटीभर दिले, तेव्हा त्यांनी दुसऱ्या दिवशी परसातल्या चेरींची टोपली आणून दारात ठेवली.

घराच्या बाबतीत काही गोष्टी समजून घ्याव्या लागतात. गरम पाण्याची टाकी बहुधा रात्री स्वस्त विजेवर तापते आणि ते पाणी संपले की काही तास मिळत नाही. माणसे जास्त असतील तर अंघोळी सकाळ-संध्याकाळ वाटून घ्याव्यात. अशा घरांत वातानुकूलन नसते आणि पंखाही असेलच असे नाही. उन्हाचा पारा चढला की सकाळीच खिडक्यांची लाकडी झडपे ओढून घ्यावीत आणि सूर्य मावळल्यावर उघडावीत. जाड भिंतींमुळे आतला गारवा दिवसभर टिकतो. मैलापाण्याची व्यवस्था खड्ड्याची असेल तर संडासात ब्लीच किंवा ओले टिश्यू टाकू नयेत. दोर्दोन्यमध्ये बऱ्याच ठिकाणी कचरा दारातून उचलत नाहीत. रस्त्याकडेच्या सामाईक पेट्या कार्डाने उघडतात. ते कार्ड पहिल्याच दिवशी मागून घ्यावे, आणि काच वेगळ्या पेटीत टाकावी. घरी पोहण्याचा तलाव असेल आणि बरोबर लहान मुले असतील, तर कुंपण किंवा सुरक्षेचे आच्छादन आहे ना, हे घर ताब्यात घेतानाच पाहावे.

आता गावाविषयी. सँ-लेऑं ‘फ्रान्समधील सर्वांत सुंदर गावे’ या यादीत आहे, तरीही सकाळी तिथे फारसे कोणी नसते. नदीच्या अगदी काठावर बाराव्या शतकातले रोमनेस्क (जाड भिंती आणि गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतले) चर्च आहे. त्याच्या छपरावर कौलांऐवजी चुनखडीच्या जाड फरश्या एकावर एक रचलेल्या आहेत आणि त्यांच्या वजनाने छप्पर जमिनीकडे झुकल्यासारखे दिसते. आत गारवा आणि भिंतींवर फिकट झालेल्या जुन्या चित्रांचे अवशेष. उन्हाळ्यात इथे पेरिगोर न्वार संगीत महोत्सवाच्या मैफली होतात. बाबा रोज पहाटे चर्चपर्यंत चालत जात आणि नदीकाठच्या बाकावर बसून परतत. पूर्ण मुक्कामात त्यांना सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच.

बाहेर पाहायला इतके आहे की निवड करावीच लागते. वेझेर खोऱ्यातील प्रागैतिहासिक स्थळे १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. प्रागैतिहासिक भित्तिचित्रांची लास्को गुहा १९४० मध्ये सापडली आणि पाहणाऱ्यांच्या श्वासोच्छ्वासाने चित्रे बिघडू लागल्यामुळे १९६३ मध्ये ती लोकांसाठी बंद करण्यात आली. आज मोंतिन्याकला पाहायला मिळते ती डिसेंबर २०१६ मध्ये उघडलेली ‘लास्को ४’ ही संपूर्ण प्रतिकृती. प्रतिकृती म्हणून ती टाळू नये. भिंतीचा उंचवटा बैलाच्या खांद्यासाठी कसा वापरला आहे, हे तिथे अगदी जवळून दिसते, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या व्यक्तीलाही आत जाता येते. इंग्रजी माहितीच्या फेरीची वेळ आधी आरक्षित करावी. अस्सल रंगीत चित्रे पाहायची असतील तर ले-झेझी गावाजवळची फॉं-द-गोम गुहा आहे. तिथे रोज फार थोड्या लोकांना प्रवेश मिळतो आणि गुहेच्या तोंडापर्यंत चढ आहे. गुहांमध्ये भर उन्हाळ्यातही थंडी असते, शाल बरोबर ठेवावी. एका दिवशी एकच ठिकाण आणि तेही सकाळी, हा नियम आम्ही पाळला. दुपारी घरी जेवण, झोप, आणि ऊन उतरल्यावर नदीवर.

निघण्याच्या दिवशी सकाळी दहापर्यंत घर सोडावे लागते. साफसफाईचे पैसे भरलेले असले तरी भांडी घासून जागेवर ठेवणे, फ्रीज रिकामा करणे आणि कचरा टाकून येणे हे आपल्याकडेच असते. त्यानंतर घरमालक सामानाची यादी तपासून अनामत परत करतात. पहिल्या दिवशी घरात आधीपासून फुटलेले किंवा बिघडलेले जे दिसेल त्याचे छायाचित्र काढून लगेच पाठवून ठेवले, तर ही तपासणी पाच मिनिटांत उरकते. बोर्दोला पोहोचायला अडीच तास धरावेत, त्यात गाडी परत करण्याचा आणि पेट्रोल भरण्याचा एक तास मिळवावा, आणि त्या दिवशीची पॅरिसची गाडी दुपारी अडीचच्या आधीची घेऊ नये.