आजीच्या कानातली डबलबारी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आटपली की आमच्याकडे एक वेगळीच गर्दी असते. चाकरमानी मुंबईला परत निघायच्या आधी आईबापाचे डोळे, गुडघे, कान सगळं एका फेरीत उरकून घेतात, वर्षभर घरात जे चाललेलं असतं ते त्या चार दिवसांत एकदम नजरेला येतं ना. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी, मालवणात बसते, आणि ही आजी देवगडकडची, ऐंशीच्या आसपासची, नऊवारी, डोक्यात अबोलीचा वळेसर, बरोबर मुलगा आणि सून.

मुलाने बसता बसताच सांगून टाकलं, मॅडम कानाचं काही नाहीये, प्रॉब्लेम डोक्याचा आहे, पण डॉक्टर म्हणाले एकदा कान बघून घ्या. झालं असं होतं की आजीला रात्रभर भजन ऐकू यायचं. पखवाज, टाळ, पेटी, बुवा, सगळं. आधी तिला वाटलं देवळात डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, लागलीय, मग शेजाऱ्यांचा टीव्ही, मग एका रात्री दोन वाजता उठून ती शेजाऱ्यांच्या खळ्यात जाऊन भांडून आली. तिथून पुढे सगळं नेहमीचं. देवाला कौल लावून झाला, गाऱ्हाणं घालून झालं, कोणीतरी देवचाराचं, म्हणजे गावाच्या राखणदार भुताचं, नाव घेतलं, कोणीतरी झोपेच्या गोळ्या दिल्या. सून हळूच म्हणाली, आता वयच झालं ना त्यांचं. मला खरं सांगायचं तर देवचारापेक्षा या वाक्याचा जास्त राग येतो. देवचार म्हणणारा निदान काहीतरी उपाय तरी शोधत असतो.

आजी मात्र ठाम. "गो बाय, माका येड लागूक नाय. भजन खरा आसा. ह्येंका कोणाकच आयकाक येना नाय, ह्येंचेच कान तपास."

कानात मळ नव्हता, पडदे ठीक. बूथमध्ये, म्हणजे बाहेरचा आवाज न येणाऱ्या काचेच्या खोलीत, बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं, बारीक आवाज आला तरी दाबायचं. पेशंटने बटण दाबलं की माझ्या मशीनवर दिवा लागतो. मी अजून पहिला टोन सोडलापण नव्हता आणि दिवा लागला. परत लागला. मग लागतच राहिला, पण कसातरी नाही, एका लयीत, मध्ये ठरलेली जागा सोडून परत समेवर. आमच्या घरात भजनाचं वेड आहे त्यामुळे ओळखायला वेळ नाही लागला, आजी अंगठ्याने भजनी ठेका धरून बसली होती आणि डोळे अर्धे मिटलेले. काचेतून हात केला तर म्हणाली, "आता चल्लाच आसा ना, आयक."

मग बटण काढून घेतलं आणि हात वर करायला सांगितलं, आणि साध्या टोनऐवजी तुटक तुटक वाजणारा टोन लावला, म्हणजे आतलं भजन आणि माझा आवाज तिला वेगळे ओळखता येतील. रिझल्ट असा आला की खालच्या पट्टीत ४० डेसिबलपर्यंत, म्हणजे त्यातल्या त्यात बरं, मधल्या पट्टीत १००० हर्ट्झला ६०, आणि वरच्या पट्टीत ४००० च्या पुढे ८० पार. आकडा जेवढा मोठा तेवढं ऐकू कमी. दोन्ही कान सारखेच. वयाने येणारा बहिरेपणा साधारण असाच उताराचा असतो. आतल्या कानात शंखासारख्या भागात केसांच्या पेशी असतात, एका कानात जन्मतः पंधरा हजारांच्या आसपास, गेल्या की परत येत नाहीत, आणि वरच्या पट्टीच्या आधी जातात. म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. अ, आ, ओ ऐकू येतात, स, श, ट, थ गळतात. सात म्हटलं काय आणि हात म्हटलं काय, तिला एकच.

मुलाचा विश्वास बसेना. म्हणे आमच्याशी तर नीट बोलते की. मग मी फाईल तोंडासमोर धरली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, आजी, तुम्हाला नातवंडं किती? आजी हसून म्हणाली, "होय होय, जेवलंय मगाशीच." फाईल खाली केली, आवाज तेवढाच ठेवला, तोच प्रश्न. "पाच. तीन झिलाची, दोन चेडवाची." मुलगा गप्पच झाला.

हेच तर लोकांच्या लक्षात येत नाही. कान हळूहळू जात असतो तेव्हा मेंदू स्वस्थ बसत नाही. ओठ वाचतो, चेहरा वाचतो, अर्धं वाक्य ऐकून उरलेलं अंदाजाने भरतो, आणि हे इतकं सफाईने करतो की घरच्यांना आणि खुद्द त्या माणसालापण वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात अनू शर्मा म्हणून संशोधक आहेत, त्यांच्या टीमने दाखवलंय की बहिरेपणा अगदी सौम्य असला तरी मेंदूतला ऐकण्याचा भाग बघण्याच्या कामाला लागायला सुरुवात होते आणि ऐकताना पुढच्या भागावर जास्त ताण येतो. तो पुढचा भाग खरं तर विचार करायचा, लक्षात ठेवायचा. तो ऐकण्यातच अडकला तर संध्याकाळपर्यंत माणूस दमून कोपऱ्यात बसणारच, आणि आपण म्हणणार म्हातारी हल्ली कोणाशी बोलत नाही. कोविडमध्ये सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा असे कितीतरी लोक आमच्याकडे अचानक "आत्ताच बहिरे झालो" म्हणून आले होते, अचानक काही झालं नव्हतं, फक्त ओठ झाकले गेले होते.

आणि भजन? तेही त्याच मेंदूचं काम. कानाकडून येणारा माल कमी झाला की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, आणि मग कोणाला नुसती शिट्टी किंवा घूं घूं ऐकू येते, आणि काही थोड्या लोकांना, जास्त करून वयस्कर बायकांना, चक्क गाणी. बहुतेक वेळा लहानपणापासून कानावर पडलेली, देवाधर्माची, आणि तुकड्यातुकड्यात. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलच्या टिमोथी ग्रिफिथ्स यांनी बहिरेपणानंतर संगीत ऐकू येणाऱ्या सहा जणांच्या मेंदूचं स्कॅन करून २००० साली पेपर लिहिला, त्यात दिसलं की खरं संगीत ऐकताना मेंदूचं जे जाळं जागं होतं जवळपास तेच इथेही जागं होतं, फक्त कानाकडून आवाज जिथे आधी पोचतो तो भाग सोडून. म्हणजे आजी खोटं बोलत नव्हती. तिला खरंच ऐकू येत होतं.

आजीला विचारलं बुवा काय म्हणतो, तर वैतागून म्हणाली, "दोनच चरणां म्हणता मेलो, फुडचा काय येना नाय त्येका." पावसात काय होतं विचारलं तर म्हणे जोराची सर कौलांवर वाजायला लागली की बुवा गप. म्हणजे कानाला बाहेरचा आवाज मिळाला की बुवा थांबतो. पाऊस सरला, रात्री शांत झाल्या, आणि बुवा रंगात आला. सून म्हणाली हे आम्हाला कधी सांगितलंच नाही. विचारलं होतं का कोणी?

मुलाने मग तो प्रश्न विचारला जो सगळे विचारतात, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, तर नाही ना. त्याला म्हटलं कान आणि डिमेन्शियाचा संबंध आहे, अमेरिकेतले संशोधक फ्रँक लिन यांच्या टीमच्या २०११ च्या अभ्यासात ६३९ लोक होते आणि सौम्य बहिरेपणात धोका साधारण दुप्पट, मध्यममध्ये तिप्पट, तीव्रमध्ये पाचपट दिसला, पण संबंध आहे म्हणजे त्याच्यामुळेच झाला असं होत नाही. २०२३ मध्ये ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर मोठी ट्रायल आली, तीन वर्षांत कानाचं मशीन घेणाऱ्यांना सरसकट फायदा नाही दिसला, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात विचारशक्ती आणि स्मरणशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी. एवढंच सांगता येतं, मशीन लावा आणि डिमेन्शिया विसरा असं कोणी विकत असेल तर उठून या. शिवाय असं ऐकू येणं काही औषधांनी, फिटच्या आजारानेपण होऊ शकतं म्हणून न्यूरोकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे, चिठ्ठी दिलीच, आणि तिथे सांगा म्हटलं की स्मरणशक्तीचे प्रश्न समोर बसून, तोंड दिसेल असं विचारा. प्रश्नच ऐकू न आलेल्या माणसाला नापास करण्यात काय अर्थ.

तिकडून काही निघालं नाही. मग दोन्ही कानांना मशीन लावलं, मुद्दाम आवाज कमी ठेवून, कारण इतकी वर्षं न ऐकलेले स, श मेंदूला आधी नुसते टोचतात. आजीला पंख्याचा आवाज आवडला नाही, प्लास्टिकच्या पिशवीचा तर अजिबातच नाही. सुनेला बजावलं की रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, आपल्या दमट खाऱ्या हवेत मशीन लवकर खराब होतात आणि मग लोक म्हणतात कंपनी फसवी.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास परत आल्या. दिवसा भजन जवळजवळ बंद. रात्री मशीन काढलं की बुवा अजून येतो, पण उशाशी रेडिओ बारीक लावला की निघून जातो, आणि आजी आता त्याच्यासाठी उठून कुठे जात नाही. झोपेची गोळी डॉक्टरांनी हळूहळू बंद केली. सून सवयीने ओरडून काहीतरी सांगायला गेली तर आजी म्हणाली, "आयकाक येता माका, बोंबलू नको." उजव्या कानाचा मोल्ड, म्हणजे कानात बसणारा मशीनचा साचा, थोडा सैल झाला होता, शिट्टी मारत होता, तो नवीन करायला दिलाय.