गंजलेले आकडे

आर्टरी फोर्सेप्सचा, म्हणजे ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी दाबून धरायच्या चिमट्यांचा, तो लॉट भोसरीच्या आमच्या लेझर मार्किंगच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्यांदा आला तो तक्रार होऊन. कारखानदारांनी एक चिमटा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, स्टील नाही गंजलं, तुमचे आकडे गंजलेत." बाकी चिमटा लखलखीत, आणि लॉट नंबरचा प्रत्येक आकडा तांबूस. बोट फिरवलं तर गंज बोटाला लागत होता. हे अवजार माणसाच्या पोटात जातं, या विचाराने माझ्या छातीत धस्स झालं.

आधी संशय मालावर गेला. स्टील ४२० ग्रेडचं. कडकपणासाठी ते घेतात, पण त्यात गंज रोखणारं क्रोमियम १२ ते १४ टक्केच. ३१६एल या दुसऱ्या स्टेनलेस ग्रेडमध्ये ते १६ ते १८ टक्के, शिवाय गंजाला अडवणारं मॉलिब्डेनम. मात्र त्यांनी मार्किंग न झालेले दोन नगही आणले होते. तेही त्याच ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात, १३४ अंशांवर तितक्याच वेळा गेलेले, आणि दोन्ही स्वच्छ. म्हणजे दोष आमच्याच लेझरचा.

लेझरचा काळा रंग शाईचा नसतो. उष्णतेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर वाढतो, तो काळा दिसतो. उष्णता जास्त झाली की क्रोमियम त्या थरात आणि कार्बाइडमध्ये (कार्बनशी झालेल्या संयुगात) अडकतं, लगतच्या स्टीलला कमी पडतं. मग स्टेनलेसवरचा काही नॅनोमीटरचा संरक्षक पापुद्रा तिथे नीट धरत नाही. "नंबर जरा गडद करा" असा निरोप आला होता, आणि मी मार्किंगचा स्पीड निम्म्यावर आणला होता. स्टीलला किती भाजतोय याचा विचारच केला नव्हता.

त्या रात्री घरचा प्रेशर कुकर वर्कशॉपमध्ये नेला. तिथे १२१ अंशांच्या आसपासच तापमान मिळतं, पण जुन्या आणि नव्या सेटिंगचे तुकडे शेजारी शेजारी ठेवून पाहायला तेवढं पुरे होतं. जुन्या सेटिंगचा तुकडा पाचव्या फेरीला तांबूस झाला. पॉवर उतरवून, स्पीड वाढवून, मध्ये थंड होऊ देत तीन हलके पास मारलेला तुकडा विसाव्या फेरीनंतरही तसाच. नंतर त्याला सिट्रिक अ‍ॅसिडचं पॅसिव्हेशन दिलं, म्हणजे संरक्षक पापुद्रा पुन्हा नीट धरावा म्हणून त्यात बुडवलं. काळा उतरून राखाडी झाला, पण कोड स्कॅनरने पहिल्या झटक्यात वाचला. आधीच्या गडद मार्किंगवर हेच अ‍ॅसिड दिलं तर आकडे जवळजवळ पुसले गेले. तो काळा थर किती कच्चा होता, ते तिथे दिसलं.

सकाळी कारखानदारांना फोन करून तुकडे पाहायला बोलावलं, आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं की मागचे दोन लॉटही याच सेटिंगवर गेलेत, ते परत मागवा. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागवतो." तीन चिमटे तोवर एका ऑपरेशन थिएटरमध्ये पोचले होते. ते हातात यायला अकरा दिवस लागले.